चेहऱ्याला शोभणारा दिवा

अफ्राकोमा मावशी दुकानातल्या एका दिव्याखाली सोफ्यावर आडवी झाली, हात छातीवर जुळवले आणि डोळे मिटून म्हणाली, "बघ रे, कशी दिसते?"

"मेल्यासारखी," तिचा भाचा ओटेंग म्हणाला.

"ते ठीक. पण रंग?"

ओटेंग न्हावी होता. चेहरे बघणं त्याचं रोजचंच. त्याने मान तिरपी करून पाहिलं आणि गालांवर हिरवट छटा येतेय, असं प्रामाणिकपणे सांगितलं. मावशी उठून बसली. हा दिवा बाद.

घानातल्या कुमासी शहरात, कंटेनर बाजारात सकाळपासून हेच चाललं होतं. युरोपातल्या घरांतून निघालेलं सामान जहाजाने येऊन इथे उतरतं. आरसे, पडदे, कुणाकुणाच्या आजीचे दिवे. आमच्याकडे दिवा घ्यायचा तर वापरलेलाच घेतात. नवा कधी जळेल याचा भरवसा नाही, जुना निदान टिकून आलेला असतो.

डॉक्टरांनी मावशीला छातीचं काहीतरी सांगितलं होतं. नेमकं काय ते तिने कुणाला कळू दिलं नाही. घरच्यांना बोलावून एवढंच म्हणाली, की पुढची खोली अंत्यदर्शनाला शोभेल अशी झाली पाहिजे. आमच्याकडे मृताला सजवून घरातच पलंगावर निजवतात आणि लांबलांबची माणसं बघायला येतात. गेल्या वर्षी तिची थोरली बहीण गेली, तेव्हा तिला ट्यूबलाइटखाली ठेवलं होतं. लांबून आलेली माणसं परतताना फक्त तिच्या रंगाबद्दल बोलत होती.

"शिळ्या माशासारखी दिसत होती बिचारी," मावशी ओटेंगला म्हणाली. "माझ्या खोलीत असं होता कामा नये."

ओटेंगला आईमागे हिनेच वाढवलं होतं. त्याने शब्द दिला आणि दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर निघाला.

बाकीचेही मागे राहिले नाहीत. न्हाणीघरात एक बल्ब लावा म्हणून मावशी किती वर्षं सांगत होती, तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा टाकला नव्हता. अंत्यदर्शन म्हटल्यावर मामाने अख्खं घर रंगवलं आणि गळकं छप्पर बदललं. हॅम्बुर्गला असलेल्या दुसऱ्या मामाने पडद्यांचा खर्च उचलला. मावशीच्या हट्टाखातर रस्त्याच्या बाजूने वेगळं दारही पाडलं. लोकांना माझ्या चुलीवरून कशाला न्यायचं, असं तिचं म्हणणं होतं.

हाजिया मेमुनाच्या दुकानात मावशी पुन्हा आडवी झाली, तशी हाजिया कुरकुरली. दारातच म्हातारी मरून पडलेली दिसली तर गिऱ्हाईक आत कसं येणार? पण ओटेंगचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याला कोपऱ्यात एक पितळी बगळा दिसला होता, माणसाएवढा उंच, चोचीत मधाच्या रंगाचा काचेचा गोळा. त्याने तो ओढत आणून मावशीच्या उशाशी लावला.

मग मागे सरून पाहिलं. मावशी लग्नाचं जेवून सुखाने झोपल्यासारखी दिसत होती.

"मिळाला," तो म्हणाला.

मावशीचं समाधान झालं नाही. तिने ओटेंगला झोपवून पाहिलं. मग हाजियाचा लठ्ठ नवरा झोपला, आणि तो खरोखरच झोपला. त्याला उठवून, रस्त्याने वाटाणे विकत चाललेल्या एका काटकुळ्या बाईला टोपलं उतरवून आडवं व्हायला लावलं. मावशी प्रत्येकाच्या भोवती फिरून हनुवटीखालून, कानामागून बघत होती.

"मावशे, यांचं काय करायचंय आपल्याला?"

"दुखणं कसं वळेल सांगता येतं का? वाळेन, नाहीतर सुजेन. दिवा कसाही चालला पाहिजे."

ओटेंगला ते पटलं. त्याला एकदम वाईटही वाटलं.

गरज ओळखून हाजिया किमतीवर अडून बसली. मावशीने छातीवर हात ठेवला. "मरणाऱ्या बाईशी घासाघीस करतेस?"

"तुम्ही सुटाल हो," हाजिया म्हणाली. "मला इथेच बसायचंय."

शेवटी बगळा मिळाला आणि मावशीला आणखी चेव आला. कुठल्याशा नाटकघरातून निघालेले मखमली पडदे तिने शोधून काढले. सोनेरी चौकटीचा आरसा घेतला. पितळी पलंग पसंत पडला, पण त्याला चाकं लावून घेतल्याशिवाय ती हलेना. खोली सजली तेव्हा ओटेंगने तिला विचारलं, अजून काही हवंय का? ती म्हणाली, आता थोडे दिवस एकटीला शांत पडू द्या.

पुढच्याच शनिवारी शेजारणीचा फोन आला. मावशीच्या फाटकाला दुखवट्याचं लाल-काळं कापड बांधलंय, शवागाराची गाडी येऊन गेली, आत रडणं चाललंय.

ओटेंगने अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि ग्रुपवर कळवलं. जाताना त्याच्या मनात एकच होतं, दिवा वेळेत मिळाला. मावशीने मरतानाही कुणाला त्रास दिला नव्हता, गाडीसुद्धा स्वतःच ठरवून ठेवलेली दिसत होती.

तासाभरात सगळी मंडळी काळ्या-लाल कपड्यांत रस्त्यावरच्या नव्या दाराशी जमली. आतून हुंदके ऐकू येत होते. मामाने तिथेच गुडघे टेकले आणि मोठ्याने गळा काढला, बहिणीसाठी आपण आयुष्यभर काही केलं नाही, म्हणून.

मखमली पडदा बाजूला झाला आणि मावशी बाहेर आली.

मामा गडबडून उठला आणि गुडघे झटकू लागला. ओटेंगने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. पलंगावर, मऊ उजेडात, एक अनोळखी जाडजूड गृहस्थ फार छान दिसत होते.

"मावशे... कोण हे?"

"मला काय माहीत?" मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "रडायचं असेल तर जरा पलीकडे जाऊन रडा. या लोकांनी चारपर्यंतचं भाडं भरलंय, आणि पाचला दुसरे यायचेत."