तेवढं नाव

सभा मोबाइलवर होती, तरी अंथुर्ण्याच्या रामहरी वाबळ्यांनी साखर कारखान्याच्या सभेला जावं तसा इस्त्रीचा सदरा घातला आणि टोपी चढवली. लेकीशी बोलणं बंद झाल्यावर त्यांनी तिच्या सॉफ्टवेअर कंपनीचे शेअर घेतले होते. घरी नाही तर नाही, सभेला तरी तिनं बोलवावं म्हणून.

आज विषय एकच होता, ‘वाबळे सॉफ्टवेअर’चं नाव बदलायचा. गुंतवणूकदार खवळले होते. कुणी म्हणालं, बाजारात बसलेलं नाव मोडू नका. कुणी म्हणालं, शेअरचा भाव पडेल. त्यांची लेक प्रगती एकेकाला शांतपणे उत्तर देत होती.

मग रामहरींचं नाव पुकारलं. कारखान्याच्या सवयीनं ते बोलायला उठून उभे राहिले आणि पडद्यावर नुसती सदऱ्याची बटणं दिसायला लागली.

"ठराव नामंजूर," ते म्हणाले. कारखान्यात जन्मभर हात वर करून ‘मंजूर’ म्हणत आलेला माणूस.

"कारण सांगाल का?" प्रगतीनं विचारलं.

"कारण काय न्हाय, म्याडम. पण तेवढं नाव हाय तसंच राहू द्या."



"खाली बसा तात्या, दिसत न्हाय तुमी," प्रगती म्हणाली. "आन् अविराजशी लग्न केलं तवा तुमीच म्हणाला होता ना, आजपासून माझं नाव लावू नको?"