जुळ्यांची आकृती

सिस्टरने गर्भपेटीतून एक मुलगी काढून रेवतीच्या कुशीत ठेवली. रेवतीने दुसरीसाठीही हात पुढे केला.

"ताई, पेटीच्या आकृतीत नावं तुम्हीच घातली होतीत ना?" सिस्टर खालमानेने म्हणाली. "गर्भपेटी नाव असलेलंच वाढवते हो. बाकीचं कचरा समजून काढून टाकते."

रेवतीने मोबाइलवर गर्भपेटीची आकृती उघडली. नळ्यांना, नाळेला, एका गर्भाला बाण होता आणि बाणाशी नाव. शेजारचा गर्भ कोरा. पंपांच्या आकृत्यांना नावं देण्यात तिचा जन्म गेला होता, आणि तिथे सारख्या दोन भागांपैकी एकालाच नाव द्यायची रीत. मेला हात सवयीने चालला होता.

तिने घाईघाईने दुसरा बाण ओढला आणि लिहिलं, 'बाळ'.

स्क्रीनवर उत्तर आलं, 'असा भाग आढळला नाही.'