विसोबांची खुर्ची

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण आज पहाटे मी शंख फुंकला आणि खाडीतल्या होड्या माघारी वळल्या!" एवढं बोलून विसोबा चष्मा पुसत बसले.

प्राणवायूच्या कोठीतले बाकीचे आजारी हसले. साथीचा ताप जाऊन वर्ष लोटलं तरी गेलेला दम परत येत नव्हता, म्हणून आता गावोगावी अशा कोठ्या होत्या. जाड दार लावून आत हवेचा दाब वाढवायचा आणि मास्कमधून प्राणवायू घेत बसायचं. पण खुर्च्या मोजक्याच. आतलं कुणी बरं होऊन उठलं, तरच बाहेरच्याला जागा.

बाहेर विसोबांच्या शेजारची रेवती अजून उघड्या असलेल्या दाराला टेकून उभी होती. तान्ह्या लेकीला उचलायचं बळही तिच्यात उरलं नव्हतं.

"मग काय झालं, काका?"

विसोबा आधी घोटभर पाणी प्यायले. "मग काय, कळसावरचं कबूतर दचकून उडालं..." त्यांनी उपरण्याची घडी सावकाश नीट केली. "...ते थेट पल्याडच्या गावात उतरलं!"

गोष्ट रंगली की सांगणारा थांबतोच. त्या थांबण्यात लागलेली धाप कोण शोधणार? विसोबा मनातल्या मनात खूश झाले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठले.

"तर मी ठणठणीत बरा. ये, बस."

रेवती जागची हलली नाही. लहानपणापासून ती त्यांच्या थापा ऐकत आली होती.

"खोटं, काका," ती म्हणाली. "थाप मारताना तुम्ही कधी थांबत नव्हता."