सहा दिवस

१९१३ सालचा वैशाख. कुंभकोणमच्या तुरुंगात बुधवारी दुपारी सेतूने मुकुंदरावांपुढे पाटी धरली. दोन्ही हातांनी धरली.

"बघा, वाद्यार. माझं मीच मांडलंय."

वाद्यार म्हणजे मास्तर. मुकुंदराव पेन्शनीत निघालेले गणिताचे मास्तर, तंजावरच्या दरबारी मराठी घराण्यातले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. वर्षभर ते दर बुधवारी तुरुंगात येऊन कैद्यांना हिशेब शिकवीत. दिलेलं गणित सगळेच कसंबसं सोडवीत. स्वतःचं गणित मांडणारा सेतू पहिलाच.

पाटीवर सेतूची शिक्षाच होती. एक वर्ष. नीट काम करणाऱ्याला महिन्याला दोन दिवस सूट, पण पहिले तीन महिने धरायचे नाहीत. हा नियम बराकीच्या भिंतीवर रंगवलेला होता. वर्षापूर्वी सेतूला ती अक्षरं आणि भिंतीवरचे डाग सारखेच होते. आता अकरा महिने भरले होते. तीन वजा, उरले आठ. आठ दुणे सोळा.

"माझ्या हिशेबाने सूट सोळा दिवस," सेतू म्हणाला. "कचेरीच्या कागदावर बावीस लिहिलीय. कागदाप्रमाणे मी परवा शुक्रवारी सुटतो. माझ्या हिशेबाने पुढच्या गुरुवारी. माझं कुठे चुकलं?"

कुठेच चुकलं नव्हतं. कारकुनाने पहिले तीन महिनेही धरले होते. मुकुंदरावांना ते एका नजरेत कळलं. आणि येत्या रविवारी नाचियारकोविलला सेतूच्या एकुलत्या एका लेकीचं, अलमेलुचं लग्न आहे, हेही त्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात जेलर चंद्रमौळी मागे येऊन उभा राहिला. पाटीत डोकावला आणि पोट धरून हसला.

"वा रे वा! सरकारचा कागद चूक आणि हा बरोबर! बांध फोडलास तेव्हाही असंच मोजलं होतंस का रे?"

सेतूने मान खाली घातली. त्याच्या गावात पाटाचं पाणी पाळीने मिळे. त्याची पाळी दर खेपेस लवकर बंद होई. तो तक्रार करी, तेव्हा पंच हसून विचारीत, तुला मोजता तरी येतं का? एक दिवस त्याने कुदळ उचलली आणि बांध फोडला. झटापटीत पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा हात मोडला. तुरुंगात आल्यावर तो मुकुंदरावांना एवढंच म्हणाला होता, "माझं बरोबर असताना कुणी चूक म्हणू नये, इतकं मला शिकवा."

जेलरचं हसणं थांबलं. "का हो मास्तर, गप्प का? याचं बरोबर असेल तर तसं सांगा. आत्ता रजिस्टर उघडतो आणि तारीख बदलतो."

सेतूने मान वर केली. तो जेलरकडे बघत नव्हता. मुकुंदरावांकडे बघत होता.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मुकुंदरावांनी बरोबर उत्तरावर कधी फुली मारली नव्हती. बड्या साहेबाच्या भाच्याला नापास करून वर बोलणी खाल्ली होती. त्यांनी पेन्सिल उचलली.  

"चुकलंय," ते म्हणाले, आणि सोळावर फुली मारली.

"मी काय म्हणत होतो!" जेलर खुशीत निघून गेला. सेतूने तळहाताने पाटी पुसली.  शुक्रवारी सुटला, पण मास्तरांच्या पाया पडायला आला नाही.

पुढे चंद्रमौळीची बदली तिरुच्चीला झाली. कारकून त्याच खुर्चीत राहिला. अलमेलु साक्कोट्टैला नांदली, दोन लेकरांची आई झाली. मुकुंदरावांचं तुरुंगात जाणं चालू राहिलं, पण बुधवार उजाडला की त्यांना चैन पडेना. साधी बेरीज तीन तीनदा तपासत. भरल्या पानावरून उठत आणि ओसरीवर येरझारा घालत.

"सांगून या त्याला एकदाचं," त्यांची बायको रुक्मिणीबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच केलंत ना? मग चोरी केल्यासारखे का फिरता?"

चौथ्या वर्षी ते बैलगाडी करून नाचियारकोविलला गेले. पाट भरून वाहत होता. सेतूची पाळी याही खेपेस लवकर बंद झाली होती, शेत कोरडं होतं. तो बांधावर बसून होता. मुकुंदरावांना बघून उठला, खांद्यावरचा पंचा काढून त्यांना बसायला पसरला.

"सेतू, तुझं गणित बरोबर होतं रे. लेकीचं लग्न चुकू नये म्हणून मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे, वाद्यार."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. तुम्हाला दाखवायच्या आधी पाच वेळा करून बघितलं होतं."

"मग मला विचारलंस कशाला? निदान जेलर आल्यावर तरी पाटी पुसायचीस!"

सेतू पाटाच्या पाण्याकडे बघत राहिला.

"लग्न काय, माझ्या भावाने उभं राहून लावलं असतं," तो म्हणाला. "मला बरोबर म्हणेल असा माणूस मात्र एकच होता."