आधी साहेबांची झडती

"शेठ, आधी माझी झडती घ्या," म्हणत इन्स्पेक्टर परुळेकरांनी दोन्ही हात वर केले. दारूबंदीच्या छाप्यात हा रिवाज ते कधी चुकवत नसत. पोलिसांनीच घरात बाटली ठेवली, असं उद्या कोर्टात कुणी म्हणायला नको. दोन्ही पंच दारात उभे होते.

अख्ख्या माहीमला हातभट्टीची पाजणारा अंताशेठ झोपाळ्यावरून सावकाश उतरला. "तुमच्यावर अविश्वास कसला, साहेब? पण तुम्हीच म्हणताय तर..."

त्याने वरवर चाचपलंसुद्धा नाही. थेट कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चपटी बाटली बाहेर काढली. बूच उघडताच उग्र वास सुटला.

"पंचमंडळी, नीट बघून ठेवा."

परुळेकरांनी अंगातल्या कोटाकडे पाहिलं. सकाळी ठाण्यातून निघताना हा कोट हवालदार घोसाळकरने प्रेमाने त्यांच्या अंगावर चढवला होता. "गारठा आहे, साहेब." त्यांनी वळून पाहिलं. घोसाळकर जमिनीकडे बघत होता आणि त्याच्यामागचे सगळे शिपाईही.

"घोसाळकर," अंताशेठ पुन्हा झोपाळ्यावर टेकत म्हणाला, "साहेबांना जपून ने."

बाहेर, आरोपीला न्यायला आणलेल्या गाडीचं मागचं दार आधीच उघडून ठेवलेलं होतं.