खांदा अंदाजाने

"फोटो आहे का गं त्यात?" पंढरीआजोबांनी विचारलं.

संचिताने मोबाइलवरचा कागद पुन्हा शेवटपर्यंत सरकवून पाहिला. पलटणीच्या कचेरीकडून कितीतरी महिन्यांनी ईमेल आला होता आणि सोबत हा एकच कागद होता. भरतीच्या वेळचा, पिवळा पडलेला, एक कोपरा उंदरांनी नेलेला. मांडीवर तिची तान्ही सान्वी अर्धवट झोपेत होती, म्हणून संचिताचं सगळं एका हाताने चाललं होतं.

"नाही आजोबा. फोटो नाहीये."

 आजोबांच्या वयाची ऐंशी उलटली, तरी आपले वडील दिसायला कसे होते हे त्यांना माहीत नव्हतं. ते जन्मले तेव्हा वडील महायुद्धावर होते, आणि तिकडून परत आलेच नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. या नातसुनेनेच हे सगळं मनावर घेतलं होतं. सान्वी झोपली की तेवढ्यात ती कुठे कुठे अर्ज धाडायची, नावांच्या याद्या चाळायची. फोटो नक्की मिळेल, असंही तीच म्हणाली होती.

"मग काय आहे ते तरी वाच."

"नाव. गाव. वय अठरा."

"भरतीच्या कागदावर सगळेच अठराचे असतात," आजोबा म्हणाले. "पुढे?"

"उंची पाच फूट तीन इंच."

"एवढीच?" संचिताची सासू नीला ओट्याजवळून म्हणाली. "तुमच्या आई तर सांगायच्या, दारातून वाकून आत यायचे म्हणून."

"गावाकडच्या घराची दारंच तेवढी. लग्नात तूसुद्धा वाकूनच आलीस की."

नीला हसली. संचिताला हसू आलं नाही. उगाच आशा लावली आपण, असं तिला वाटत होतं.

"छाती एकतीस," तिने वाचलं. "फुगवून तेहतीस."

आजोबांनी पाठ सरळ केली. कोपरीतल्या दुकानात उभा जन्म त्यांनी लोकांचे शर्ट शिवले होते. "पुन्हा सांग."

"एकतीस."

"खांदा?"

"खांदा लिहिलेला नाही."

"गळा?"

"आजोबा, त्यांनी एवढंच मोजलंय."

"त्यांना काय. तयार कपडा द्यायचा, ढगळ झाला तर वरून पट्टा आवळायचा."

ते उठून उभे राहिले. समोर टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा होती, तिकडे बघत राहिले. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की बघायचे तसे, डोक्यापासून खाली. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी हवेत बेताचं अंतर धरलं, आणि ते जरासं कमी केलं.

"खांदा पंधराच्या वर नसणार," ते म्हणाले. "आणखी काही?"

"ओळखीची खूण आहे. उजव्या कोपराखाली भाजल्याचा वण."

"मग हाफ नको. फुल बाही."

तेव्हा कुठे संचिताच्या लक्षात आलं. तिने सान्वीला हळूच सतरंजीवर ठेवलं आणि शिलाई मशीनवर रचलेली दुपटी उचलून सोफ्यावर टाकली. आजोबांनी कपाटातून खोका काढला. लग्नाच्या आहेरात आलेला शर्टपीस, फिक्कट निळा, अजून कागदाच्या पट्टीतच.

"अण्णा, चांगला पीस आहे हो तो," नीला हात पुसत बाहेर आली. "विनीतला ठेवलाय."

"विनीत रेडिमेड घालतो."

आपल्या मुलाबद्दलचं हे नीलाला मान्यच होतं. "बरं, आणि हा घालणार कोण?"

"आधी शिवू तर दे."

त्यांनी टेबलावर कापड पसरलं. खडूची रेघ दोनदा पुसावी लागली. कापताना संचिताने कडा ताणून धरल्या. सुईत दोराही तिनेच ओवून दिला. मशीन सुरू झाल्यावर सान्वी दचकून जागी झाली, रडायला तोंड उघडलं, आणि मग फिरणाऱ्या चाकाकडे बघत तशीच राहिली. नीलाने आधी चहा ठेवला. नंतर, कोणी न सांगता, डब्यातून सारखी बटणं शोधायला बसली.

 मध्येच आजोबा थांबायचे, मोकळ्या जागेकडे बघायचे, आणि पुन्हा पाय चालवायचे.

ऊन गॅलरीतून निघून गेलं तेव्हा शर्ट झाला. आजोबांनी तो खांद्याला धरून उभा केला. भलताच लहान दिसत होता. नीलाच्या हातातलं उरलेलं बटण हातातच राहिलं.

"एवढेसे होते ते?" ती हळू म्हणाली.

संचिताने शर्ट हातात घेतला. बाहीवरून बोटं फिरवली, मग उलटा करून पाहिला. बगलेत, कफाच्या वर, खालच्या घेराला, सगळीकडे आत दोन-दोन बोटं कापड दुमडलेलं होतं. आजोबांची शिवण अशी नसायची.

"आजोबा, आत एवढं कापड का ठेवलंत?"

आजोबा चष्मा काढून पुसत होते. "नंतर उसवता यायला नको?" ते म्हणाले. "वाढतं अंग आहे."