एकमताचं घर

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा नसीमआपा दारात उभ्या होत्या. अंगावर शाल, हातात जाड कादंबरी. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या रावळपिंडीच्या बाई दर गुरुवारी शशिकांतच्या बायकोला, शैलाला, पुस्तक वाचून दाखवत. शैला हॉस्पिटलात असली म्हणून गुरुवार चुकवायचा नाही, असं म्हणून त्या शशिकांतबरोबर निघाल्या होत्या. शशिकांतच्या एका पायात बूट होता, दुसरा हातात. फोनवरची बाई हळू आवाजात जर्मनमध्ये बोलत होती. ऑपरेशन तर नीट झालं होतं. आदल्या संध्याकाळीच शैला सूपला मीठ नाही म्हणून कुरकुरली होती. शशिकांत "या, या" असा जर्मन होकार देत ऐकत राहिला. मग हातातला बूट खाली ठेवून म्हणाला, "शैला गेली."

पुढचं सगळं सुरळीत झालं. बर्लिनहून करण आला. एकुलता एक मुलगा. इथे डार्मश्टाटलाच जन्मलेला, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायचा. शशिकांत म्हणाला, "दहन इथे करू. अस्थी मी नाशिकला नेतो." करणने जर्मन होकार दिला, "या, बाबा." इथल्या कायद्याने अस्थी घरात ठेवता येत नाहीत. कुठे न्यायच्या ते ठरेपर्यंत कलश अंत्यविधी करणाऱ्यांकडेच राहतो. तिथले श्री. वेबर म्हणाले, "माझ्यासमोर बसून सख्खी भावंडं भांडतात. तुमच्यासारखं एकमताचं घर फार कमी बघायला मिळतं." त्या आठवड्यात शशिकांतला बरं वाटलं ते एवढंच. नाशिकच्या शोभनाने, त्याच्या धाकट्या बहिणीने, रामकुंडावरच्या गुरुजींना सांगून ठेवलं. विमानाचं तिकीट काढलं. करण बर्लिनला परत गेला.

पुढच्या गुरुवारी शशिकांतने बातम्या लावल्या आणि सवयीने आवाज कमी केला. आत वाचन चालू असायचं म्हणून. आत कोणी नव्हतं, हे मग लक्षात आलं. तरी त्याने आवाज वाढवला नाही.

थोड्या वेळाने नसीमआपा डाळभात घेऊन आल्या. स्वयंपाकघरात बसल्या. तेव्हा शशिकांतने त्या कादंबरीचा विषय काढला.

शैलाला उर्दू ऐकून कळायची, वाचता यायची नाही. म्हणून आपा वाचायच्या आणि ती ऐकायची. कादंबरी कराचीच्या एका लेखिकेची, अलीकडचीच. परदेशात राहणारी एक आई मरते. तीन शहरांतून तिची तीन मुलं येतात आणि तिला कुठे पुरायचं यावरून भांडतात. एक म्हणतो गावी, दुसरा म्हणतो कराचीत, मुलगी म्हणते इथेच. पानंच्या पानं भांडण. शशिकांत बाहेरून ओरडायचा, "आपा, त्या बिचारीचं दफन झालं की नाही अजून?" आणि शैला आतून म्हणायची, "अहो, तुम्ही तुमच्या बातम्या बघा."

"शेवटी कुठे पुरलं हो तिला?" त्याने हिंदीत विचारलं.

"पता नहीं. हम वहाँ तक पहुँचे ही नहीं," आपा म्हणाल्या. "शैला को जल्दी नहीं थी. उसे तो वो लड़ाई पसंद थी. कहती थी, आपा, देखो, माँ के लिए लड़ तो रहे हैं. हमारे यहाँ ये कहेंगे नाशिक, करण कहेगा 'या, बाबा'. चाय ठंडी होने से पहले मेरा फैसला हो जाएगा."

शैला हे हसत हसत म्हणाली असणार, कारण आपाही सांगताना हसल्या. मग त्यांनी शशिकांतचा चेहरा बघितला. डाळीच्या भांड्यावर उगीच झाकण ठेवलं.

"तिला नाशिक नको होतं का?"

"ये तो उसने नहीं कहा, भाईसाहब. किसी ने पूछा ही नहीं."

आपा गेल्यावर शशिकांतने करणला फोन लावला. "आईला कुठे ठेवावं असं तुला वाटतं?"

करण जर्मनमध्ये म्हणाला, "तिकीट काढलंय ना, बाबा."

"तिकिटाचं सोड. तुझं सांग."

मग करण मराठीत बोलला. अडखळत, शब्द शोधत. "इथे ठेवा. इथल्या जंगलातल्या दफनभूमीत. झाडाखाली. मी ट्रेनने येऊ शकतो तिथे. तुमच्या नदीत सोडल्यावर मी कुठे जायचं?"

"अरे, इथे? या परक्या मातीत?"

"परकी तुम्हाला. मी इथलाच आहे." आणि मग ओरडूनच, "आई माझीपण होती!"

शशिकांतला खरंच राग आला. चाळीस पिढ्यांचं सगळं त्याने ऐकवलं. गोदावरी, आजोबा, पणजोबा. करणने फोन आपटला. थोड्या वेळाने त्यानेच परत केला, आणि पुन्हा भांडला. दुसऱ्या दिवशी ते शोभनाला कळलं. "माझ्या वहिनीला तिकडे बर्फात ठेवणार? थांब, मीच येते तिकडे!" ती नाशिकहून कडाडली. करणने तिलाही उलट उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही मराठीत. तिने ते शशिकांतला रडत रडत सांगितलं. मग म्हणाली, "पोरगं बोलतं चांगलं रे. अगदी शैलासारखं."

विमान ठरल्या दिवशी गेलं. शशिकांत घरीच होता, बर्लिनला फोन लावून मोठमोठ्याने भांडत.

शैलाच्या अस्थी कुठे न्यायच्या, ते अजून ठरलेलं नाही.